म्हातारबा का वाकला

एपिफानियाला, आमच्या पिफाला, हट्टी म्हणणारे लोक तिला ओळखतच नाहीत. हट्टी माणूस कधीतरी थकतो. ही बाई थकत नाही. तिच्या मुलाची, रेमिहिओची मी धर्ममाता. त्याचा बाप्तिस्मा झाल्यापासून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, भिंतीला भिंत लावून राहतो, कडाकडा भांडतो आणि संध्याकाळी पुन्हा एकमेकींच्या दारात बसतो. तेव्हा पिफाबद्दल वाईट बोलायचा हक्क असलाच तर तो माझा आहे, बाकी कुणी तोंड उघडू नये.

तिचा धंदा पाट्यांना टाकी लावायचा. आमच्या दरीत अजून घरोघरी काळ्या दगडाचे पाटे आहेत. मका वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की मका वाटला जात नाही, नुसता घसरतो. मग पिफाला बोलावणं जातं. ती येते, अंगणात फतकल मारून बसते, पाट्यावरून तळहात फिरवते आणि छिन्नी-हातोडी काढते. हे काम तिच्या बापाचं. बाईमाणसाने दगड फोडत बसायचं म्हणून तरुणपणी लोक तिला हसले, तीही त्यांना हसली, आणि त्यांच्याच बायकांचे पाटे तिने नीट करून दिले. एकदा गावच्या प्रमुखाच्या बायकोने तक्रार केली की दगडच खराब निघाला. पिफा म्हणाली, दगड बरा आहे, तुम्ही एका हाताने वाटता आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलता. त्या बाईने नंतर बरेच दिवस हिला बोलावलं नाही. हिचं काही अडलं नाही.

बोलायची रीत ही अशी. फक्त नवऱ्याशी, कास्तूलोशी, मऊ बोलायची. तो बकऱ्या राखायचा. उन्हाने रापलेला, शांत, स्वतःशीच हसणारा माणूस. आमच्या कड्यांवर पांढऱ्या केसांचे उंच निवडुंग उभे असतात, त्यांना आम्ही म्हातारबा म्हणतो. कड्यावरचा म्हातारबा उपटायला सरकारची बंदी आहे, आणि कास्तूलोला ती मनापासून पटायची. पण वटवाघळाने अर्धवट खाऊन टाकलेलं एक फळ त्याला वाटेत सापडलं, त्यातलं बी त्याने खिशात घालून आणलं आणि चरबीच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडून त्यात पेरलं. रेमिहिओ तेव्हा रांगत होता. मूल वाढलं, मिशा फुटल्या, लग्न करून लांब मोंतेरेय शहरात कारखान्यात गेलं, तोवर म्हातारबा कसाबसा कंबरेला लागला. कास्तूलो रविवारी जुन्या दातांच्या ब्रशने त्याचे केस विंचरायचा. आम्ही चेष्टा करायचो, बायकोचे केस कधी विंचरलेस का म्हणून. तो म्हणायचा, "ती डोक्याला हात लावू देते का?"

छातीच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला तेव्हा एक दिवस त्याने पिफाला जवळ बोलावलं. मी पायाशी बसले होते, म्हणून हे मला माहीत आहे. म्हणाला, "मला फुलंबिलं नकोत गं, चार दिवसांत कुजतात. वर्ष भरल्याची चर्चमधली मिस्सा झाली, कबरीवर क्रूस उभा केला, की म्हातारबाला माझ्या डोक्याशी आणून बसव. सरळ बसव." पिफा म्हणाली, बसवीन. पिफाने बसवीन म्हटलं म्हणजे बसवणार.

कास्तूलो गेला. नऊ दिवसांची प्रार्थना झाली. परत जायच्या आधी रेमिहिओला आईची माया आली आणि त्याने अंगणभर कोबा करून टाकला, भिंतीपासून भिंतीपर्यंत. पावसात आई घसरू नये, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला चिखल लागू नये. चांगलंच केलं पोराने. आणि आई एकटी राहू नये म्हणून आपली बायको ओतिलिया तिच्यापाशी ठेवून गेला. कोबा वाळल्यावर म्हातारबाचा डबा पुन्हा जागेवर आणला, कास्तूलोच्या बाकाशेजारी. अंगणात दुसरी कुंडी नाही, झाड नाही, काही नाही.

वर्ष भरत आलं आणि म्हातारबा वाकला.

उन्हाळ्याचे दिवस होते, पावसाचा थेंब नव्हता. सकाळी पिफाची हाक आली, आणि तिची हाक म्हणजे हुकूमच. जाऊन बघते तर म्हातारबा बाकाकडे झुकलेला, मान टाकून बसलेल्या पेंगुळल्या माणसासारखा. मी म्हटलं, "काठी लाव, बांध, उभा राहील."

"काठी लावेन," पिफा म्हणाली, "पण आधी तो का वाकला ते मला कळलं पाहिजे. असा टेकू देऊन मी त्याला कास्तूलोच्या डोक्याशी बसवू? लंगडा पाहुणा पाठवल्यासारखा?"

म्हणजे हिला वर्षाच्या मिस्सेपर्यंत कारण शोधायचं होतं, झाड सरळ करायचं होतं आणि दिलेला शब्द पाळायचा होता. मी कपाळाला हात लावला.

आधी तिने उन्हाला धरलं. झाडं उजेडाकडे वळतात, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. तिने डबा फिरवला, बाकाची बाजू भिंतीकडे केली. झाडाला उजेडाची ओढ असती तर ते हळूहळू परत आलं असतं. ते आणखी त्याच अंगाने कलत गेलं, आता भिंतीकडे. मग वारा. दरीतून दुपारी वारा सुटतो खरा, पण तिने डबा आडोशाला नेला तरी फरक नाही. मग तिला वाटलं, डबा लहान पडला, मुळं कोंडली. तिने डब्याच्या कडेने बोट घालून पाहिलं. मुळं कुठे घट्ट बसली आहेत? बोट सहज आत गेलं. आणि बोटाला माती चिकटून आली.

"ओली आहे," ती म्हणाली. मग आवाज बदलून पुन्हा म्हणाली, "ओली आहे, कोमाद्रे."

तिने मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं, तिथे ओतिलिया होती. ओतिलिया खालच्या नदीकाठच्या गावातली. तिकडे पाणीच पाणी, मका, भुईमूग, दारात केळी, आणि लोक सकाळी उठून दिसेल त्याला पाणी घालतात. पोरगी गुणाची, पण आल्या दिवसापासून पिफा तिला म्हणायची, इथे पाण्याचा हात आखडता ठेव. आता तर काय, गुन्हेगार सापडलाच.

"किती पाणी घालतेस त्याला?" पिफाने विचारलं.

ओतिलिया तव्यावर तोर्तिया, मक्याच्या पातळ भाकऱ्या, उलटत होती. म्हणाली, "मी घालत नाही, आई."

"मग काय आभाळातून पडलं? ह्या दिवसांत?"

"मी घालत नाही," ती पुन्हा म्हणाली. पिफा बोलायची थांबली नाही. तुझ्या गावाला निवडुंग म्हणजे काय ठाऊक, तुम्ही केळी बुडवणारे लोक, ज्याने हा पोरासारखा वाढवला त्याला तू बघितलंसही नाहीस धड. हे खोटं होतं. आजारपणात येऊन राहून कास्तूलोला घास भरवणारी ओतिलियाच होती. पोरीने शेवटची तोर्तिया फडक्यात गुंडाळली, टोपली पिफापुढे ठेवली आणि आपण मागच्या पायरीवर जाऊन जेवली. त्या दिवसापासून दोघींची जेवणं वेगळी झाली. मी पिफाला सांगितलं, अतिशय वाईट बोललीस. ती म्हणाली, झाड सरळ कर, मग मी गोड बोलते.

ओतिलियावर नजर ठेवायला तिने पाण्याची घागर आपल्या खोलीत नेली. पोरीला भांडी घासायला पाणी हवं तर सासूकडे मागायचं. मला बघवेना. आणि तरीही माती ओलीच. झाड रोज थोडं जास्त झुकत होतं, बुंध्याशी केस पिवळे पडत होते, डब्याभोवती बारीक माश्या घोंघावत होत्या. एवढं झाल्यावर दुसरी बाई म्हणाली असती, देवाची मर्जी. पिफाने पाट्याची लांब छिन्नी आणली, डब्याच्या कडेने पार तळापर्यंत खुपसली, ओढून काढली आणि नाकाशी नेली.

मग तिने ती माझ्या नाकाशी धरली. आंबूस वास. तो वास आमच्या अख्ख्या गावाला आईच्या पदराइतका ओळखीचा आहे.

"पुल्के," मी म्हटलं.

पुल्के म्हणजे आमची घायपाताच्या रसाची पांढरी ताडी, वरच्या पठारावरून येते. आणणारा फिदेन्सिओ, कास्तूलोचा जिवाभावाचा दोस्त, तोही माझ्यासारखा धर्मनात्यातलाच, तिचा कोम्पाद्रे. गाडीतून पिंपं घेऊन उतरला की पहिला थांबा पिफाच्या अंगणात. तो आला तशी ही छिन्नी हातात घेऊनच पुढे गेली. फिदेन्सिओने भोपळ्याची वाटी भरली आणि तिच्या देखत, अगदी सहज, पहिला घोट डब्यात ओतला.

"कोम्पाद्रे, हे काय केलंत?"

तो गोंधळला. "काय केलं? कास्तूलोचा वाटा दिला."

आता हे सांगायला नको, पण सांगते. आमच्याकडे पहिला घोट जमिनीला, गेलेल्या माणसाच्या नावाने. न देता पिणाऱ्याला आम्ही कोडगा म्हणतो. कास्तूलोच्या अंगणात बसून कास्तूलोला न देता कोण पिईल? पण जमीन होती कुठे? सगळा कोबा. माती होती ती फक्त त्या डब्यात.

पिफाने त्या भल्या माणसाला असं काही सुनावलं की तो पिंप न उतरवताच निघाला. "एकटा हाच," ती मला म्हणाली, "ह्यानेच मारलं माझं झाड." मी म्हटलं, एकट्या फिदेन्सिओच्या घोटाने अख्खा डबा भिजेल होय? ते तिलाही पटलं, म्हणून रविवारी मिस्सेनंतर ती मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिली. लोक येतातच रविवारी, विधवेला एकटं टाकत नाहीत. फिदेन्सिओही आला, तोंड पाडून. पुल्के वाटली गेली. ज्या ज्या बुडाला बाक मिळाला त्याचा हात डब्याकडे वळला. चुलतभाऊ आला, ओतला. चर्चची घंटा वाजवणारा आला, ओतला. माझी बहीण, तिची सून. गप्पांतून नजरही न काढता, जसं माणूस येताना टोपी काढतो तसं. मीही ओतला, पिफाचे डोळे माझ्यावर होते तरी. मला आठवणच राहिली नाही.

लोक पांगले. पिफा दारातून उठून बाकावर येऊन बसली, दमली होती. मी तिच्या हातात तिची वाटी दिली, दुपारची, रोजची. आणि मी बघत होते बरं का. तिने वाटी घेतली, कास्तूलोचं नाव ओठातल्या ओठात घेतलं आणि हात डब्यावर तिरका केला.

पांढरी धार मातीत गेली, तेव्हा तिला दिसलं.

"मी तर रोज देते," ती म्हणाली. "कोमाद्रे, मी तर रोज देते गं." पाण्याचा थेंब ह्या झाडाजवळ येऊ नये म्हणून घागर उचलून नेणारी ही बाई, आणि रोज दुपारी नवऱ्याचा वाटा त्याच डब्यात. पाणी ते पाणी, कास्तूलोचा वाटा तो कास्तूलोचा वाटा. तिच्या डोक्यात ते दोन कधी एकत्र आलेच नव्हते. तिने वाटी खाली ठेवली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. नवरा गेला तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

पण रडणं तिच्याने फार वेळ होत नाही. नाक पुसलं, उठली आणि बुंधा अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला. मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, "तुझ्या तोंडात काय येतं ते बघून बोल. खालून सडलाय. वरून नाही."

मग ती मागच्या पायरीवर गेली. ओतिलिया तिथे शेंगा सोलत होती. पिफा तिच्यासमोर उभी राहिली, बसली नाही. म्हणाली, "तू पाणी घातलं नाहीस. ते मीच केलं, आणि बाकीच्यांनी. तुला बोलले ते खोटं होतं, आणि त्याच्याबद्दल जे बोलले ते तर फारच वाईट. त्याला तू भरवलंस, मी बघितलंय. माझं चुकलं."

ओतिलियाने शेंगांची टोपली बाजूला ठेवली. "घागर परत आणा, आई," ती म्हणाली. "आणि सुरी मी धरू की झाड धरू?"

झाड ओतिलियाने धरलं, आपली जाड शाल दोनदा गुंडाळून, काटे लागले तरी हलली नाही. पिफाने सुरी विस्तवावर तापवली आणि बुंध्याच्या वर घाव घातला. खालचा भाग लदकन कोब्यावर पडला, आत तपकिरी चिखल. वरचा काप पाहिला, तर मधोमध अजून तपकिरी कडं. सुरी पुसली, आणखी वर कापलं. अजूनही डाग. फिदेन्सिओ अजून दारात रेंगाळला होता, त्याने तोंड फिरवलं. मी म्हटलं, पिफा, उरणार काय मग? तिने सुरी पुसली. पुन्हा कापलं. ह्या वेळी आतून पांढरं-हिरवं, स्वच्छ, घट्ट निघालं. तिने त्यावरून तळहात फिरवला, पाट्यावरून फिरवते तसा, आणि मग पहिल्यांदा श्वास सोडला.

उरला तो हातभर तुकडा, डोक्यावर पांढरे केस तेवढे शाबूत. त्याला लगेच मातीत घालायचं नसतं, जखम आधी वाळून टणक व्हावी लागते. तो चुलीपासून लांब, सावलीतल्या फळीवर ठेवला. वर्षाची मिस्सा आठवड्यावर आली होती आणि कास्तूलोच्या डोक्याशी बसवायला काहीही नव्हतं. लोक हळहळले. बिचारी, शब्द दिला होता. पिफाने कुणाची हळहळ ऐकून घेतली नाही. मिस्सेच्या आदल्या दिवशी तिच्या अंगणातून ठण ठण आवाज यायला लागला. मी धावत गेले. ही बाई बाकाशेजारी फतकल मारून बसलेली, आणि मुलाने इतक्या मायेने केलेल्या कोब्याला छिन्नी लावलेली.

"रेमिहिओ काय म्हणेल?" मी विचारलं.

"म्हणू दे. त्याच्या बापाचं तोंड बुजवलंय त्याने. सांगीन त्याला."

तिने ताटाएवढं गोल भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि खालची माती उकरून मोकळी केली. दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली, क्रूस उभा राहिला, डोक्याशी जागा रिकामी. पिफाने क्रुसाला हात लावून सगळ्यांसमोर सांगितलं, कास्तूलो, तो यायचाय, थोडा थांब. मग सगळे घरी आले, मिरच्यांचं मोले कालवण आणि मक्याचे वाफवलेले तमाल वाढले, रेमिहिओही आला होता, आणि पुल्केच्या वाट्या फिरल्या. हात अडखळले. डबा नव्हता ना. पिफाने पहिली वाटी ओतिलियाच्या हातात दिली आणि भोकाकडे बोट केलं. म्हणाली, "इथे. आता ह्या घरात त्याचा वाटा इथे."

ओतिलियाने ओतलं. वर्षभर कोब्याखाली कोरडी पडलेली माती होती ती. घोट पडला न पडला तोच आत गेला, वर ओलही राहिली नाही. रेमिहिओ खाली बसला, त्याने आपली वाटी अख्खी ओतली, आणि ती माती तीही प्यायली.

पावसाळा सरता सरता फळीवरच्या तुकड्याच्या तळाला बारीक पांढरी मुळं फुटली. पिफा मला दाखवायला घेऊन आली, तान्हं पोर दाखवतात तशी. मृतांच्या सणाला, झेंडूच्या पाकळ्यांनी स्मशानाची वाट पिवळी झालेली असताना, तिने त्याला कास्तूलोच्या डोक्याशी बसवलं. काठी नाही, टेकू नाही. हातभरच, पण सरळ. भोवती खडी घातली आणि आल्या-गेल्याला बजावलं, कबरीशी या, बसा, बोला, पण ज्याला कास्तूलोला पाजायचंय त्याने घरी अंगणात यायचं. फिदेन्सिओ बिचारा वाटी पाठीमागे धरून उभा होता.

धूप पेटला. पिफा खडीशेजारी बसली, ओतिलिया तिच्या बाजूला. कुणीतरी पिफाच्या हातात वाटी दिली. ती कास्तूलोशी बोलायला लागली, वर्षभराचं सगळं, मऊ आवाजात, कोब्याचं, सुरीचं, सुनेला काय काय बोलली त्याचं, आणि बोलता बोलता वाटी हळूच म्हातारबाच्या बुंध्यावर कलली.

ओतिलियाने तिचं मनगट धरलं. "आई," ती म्हणाली, "तिथे नाही."

पिफाने हाताकडे पाहिलं. मग ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्याचं तिने काही लपवलं नाही. सुनेने मनगट सोडलं नव्हतं. दोघींनी मिळून ती वाटी घरी आणली, भोकात ओतली, आणि मग जेवायला बसल्या.